आसऱ्याची शिक्षा आणि तुरुंगाचा हिशेब

गुन्हेगाराला आसरा देणाऱ्यालाही जबर शिक्षा झाली पाहिजे, अशी मागणी कायदेमंडळात पुढे आली की तिला विरोध करण्यास सहसा कोणी धजत नाही. विरोध करणारा गुन्हेगारांचा कैवारी ठरेल, ही भीती सत्ताधाऱ्यांइतकीच विरोधकांनाही असते. बाके वाजतात, विधेयक संमत होते, आणि एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. या वाढीव शिक्षेपायी जी माणसे तुरुंगात जातील ती कोण, ती तेथे किती काळ राहतील, आणि त्यांचा खर्च कोणत्या तिजोरीतून, दुसऱ्या कोणत्या गरजेला कात्री लावून भागवायचा? रेशनच्या धान्यावरील अनुदानात किंवा अंगणवाडी सेविकेच्या मानधनात थोडी वाढ सुचवली तर पैसा कोठून आणणार असे दरडावून विचारणारे अर्थखाते, तुरुंगवासाची वर्षे वाढवताना मात्र मौन पाळते. शिक्षा जणू फुकट मिळते!

ती फुकट मिळत नाही. आसरा देण्याच्या गुन्ह्याचे उदाहरण घेतले म्हणजे हे विशेष स्पष्ट होते.

जुना कायदा आणि नवा कायदा

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम २१२ परकीय राज्यकर्त्यांनी केलेले होते. तरीही त्यात एक प्रमाणबुद्धी होती. मूळ गुन्हा फाशीच्या शिक्षेचा असेल तर आसरा देणाऱ्यास जास्तीत जास्त पाच वर्षे; जन्मठेपेचा किंवा दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचा असेल तर तीन वर्षे; त्याहून हलका असेल तर मूळ शिक्षेच्या एक चतुर्थांशापर्यंत कैद. किमान शिक्षा ठरवलेली नव्हती. ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलेली होती. गुन्हा जामीनपात्र होता. पती किंवा पत्नीने दिलेला आसरा गुन्हा धरला जात नसे. १८९४ मध्ये दरोडेखोरांना आसरा देणाऱ्यांसाठी सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचे वेगळे कलम आले. १९४२ सालच्या दुरुस्तीने ‘आसरा’ या शब्दाची व्याप्ती वाढली. निवारा, अन्न, पाणी, पैसा, कपडे, शस्त्रे, वाहन, किंबहुना अटक चुकवण्यास कोणत्याही प्रकारे केलेले साहाय्य त्यात समाविष्ट झाले. २०२३ मध्ये संमत झालेल्या आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही कलम २४९ मध्ये ही जुनी प्रतवारी बहुतांशी जशीच्या तशी ठेवली आहे.

परंतु या सामान्य कलमाच्या शेजारी दुसरी, कठोर कायद्यांची रांग उभी राहिली. १९८७ च्या ‘टाडा’ने दहशतवाद्याला आसरा देणाऱ्यास किमान पाच वर्षे व कमाल जन्मठेप ठरवली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याने, म्हणजे ‘मकोका’ने, टोळीच्या सदस्याला आसरा देणाऱ्यास तीच शिक्षा आणि वर किमान पाच लाख रुपये दंड सांगितला. २००२ च्या ‘पोटा’ने किमान तीन वर्षे ते जन्मठेप अशी तरतूद केली. तो कायदा २००४ मध्ये रद्द झाला, पण त्याच वर्षी तीच तरतूद बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे ‘यूएपीए’त, शिरली. आणि आता न्याय संहितेच्या कलम १११ व ११३ मुळे संघटित गुन्हेगार व दहशतवादी यांना आसरा देणाऱ्यांसाठी किमान तीन वर्षे ते जन्मठेप ही शिक्षा देशाच्या सर्वसाधारण फौजदारी कायद्याचाच भाग झाली आहे. अपवादाची शिक्षा हळूहळू नियमाच्या घरात राहायला येते, ती अशी.

खर्च निकालाआधीच सुरू होतो

शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांवरून जन्मठेपेवर नेली, की तुरुंगाचा खर्च दोषी ठरलेल्यांवर वाढेल, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तो खर्च त्याच्या कितीतरी आधी, अटकेच्या दिवसापासूनच वाढू लागतो.

त्याचे कारण जामिनाच्या नियमांत आहे. कलम २१२ चा आरोपी जामीन मागण्याचा हक्कदार होता. तोच माणूस ‘मकोका’ किंवा ‘यूएपीए’खाली पकडला गेला, तर आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि त्यानंतरही जामिनाची वाट जवळजवळ बंद असते. ‘मकोका’खाली आरोपी दोषी नसावा, असे मानण्यास वाजवी आधार आहे याबद्दल न्यायालयाची खात्री पटावी लागते, ‘यूएपीए’खाली आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन नाकारावा लागतो. ज्या गोष्टीचा निवाडा खटल्याच्या शेवटी व्हायचा, तिचा निवाडा आरंभीच मागितला जातो.

दुसरा फरक अधिक सूक्ष्म आहे, आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून काढलेल्याला मुक्त करावे, हा नियम २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत आला. त्यातून केवळ फाशीची शिक्षा असलेले गुन्हे वगळलेले होते. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने प्रथमच आरोपी झालेल्यांना एक तृतीयांश काळानंतर सुटकेची सवलत दिली. तिचे स्वागत झाले, ते योग्यच होते. मात्र त्याच कलमाने जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हेही वगळले. परिणाम असा की, आसरा देण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा जन्मठेप झाली, त्याच क्षणी त्या आरोपीच्या हातून सुटकेचा हाही आधार गेला. न्यायाधीश त्याला शेवटी तीनच वर्षे देणार असला, किंवा निर्दोष सोडणार असला, तरी कायद्याच्या पुस्तकातील ‘जन्मठेप’ हा एक शब्द त्याला वर्षानुवर्षे आत ठेवण्यास पुरेसा होतो.

वर्षांच्या आकड्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व जामिनाला आहे, हे जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावरूनही दिसते. तेथे बेकायदा ठरवलेल्या संघटनेच्या सदस्याला आसरा देणाऱ्यास शिक्षा दोन वर्षांपर्यंतच सांगितली आहे, म्हणजे कागदावर सौम्य. पण गुन्हा अजामीनपात्र आहे.

‘टाडा’चा अनुभव जुना झाला, तरी विसरण्याजोगा नाही. १९९५ मध्ये तो कायदा संपुष्टात येण्यापूर्वी देशभरात ७६ हजारांहून अधिक माणसे त्याखाली पकडली गेली. शिक्षा झालेल्यांचे प्रमाण शेकडा दोनपेक्षाही कमी भरले. हे आकडे केवळ आसरा देणाऱ्यांचे नाहीत, सर्व आरोपींचे आहेत. तथापि अशा कायद्यांचा तुरुंगखर्च प्रामुख्याने कोणावर होतो, याचे उत्तर त्यांत आहे. तो दोष सिद्ध न झालेल्यांवर होतो.

माणशी खर्च आणि न दिसणारा खर्च

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि कैदी होते ५,७३,२२०. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे चारांपैकी तीन, कच्चे कैदी होते. दुसऱ्या शब्दांत, देशातील सर्व तुरुंगांची अधिकृत जागा केवळ कच्च्या कैद्यांनीच जवळजवळ भरून जात होती. २०२२–२३ या वर्षी तुरुंगांवरील प्रत्यक्ष खर्च सुमारे पावणेआठ हजार कोटी रुपये होता. कैद्यांच्या संख्येने भागले तर माणशी वार्षिक खर्च साधारण १ लाख ३५ हजार रुपये येतो.

आता एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. एखाद्या राज्यात आसरा दिल्याच्या आरोपावरून दरवर्षी शंभर माणसे पकडली जातात, असे समजू. जुन्या कायद्याखाली त्यांतील बहुतेक काही दिवसांत जामिनावर सुटली असती. नव्या तरतुदीखाली ती सरासरी तीन वर्षे आत राहिली, तर पहिल्या वर्षअखेरीस शंभर, दुसऱ्या वर्षअखेरीस दोनशे आणि तिसऱ्या वर्षअखेरीस तीनशे माणसे तुरुंगात असतील. त्यानंतर दरवर्षी शंभर सुटतील, शंभर येतील. पण तीनशेचा साठा कायम राहील. माणशी १ लाख ३५ हजार धरले, तर दरसाल ४ कोटी ५ लाख रुपयांचा हा आवर्ती खर्च झाला. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहाची अधिकृत क्षमता अनेक वर्षे ८०४ होती. म्हणजे एवढ्या लोकांसाठी त्या क्षमतेच्या एक तृतीयांशाहून अधिक जागा लागेल. विधेयक मांडताना हा हिशेब कोणी सभागृहापुढे ठेवत नाही.

यावर एक चतुर उत्तर दिले जाते. तुरुंग आहेतच, पहारेकरी आहेतच. एक कैदी वाढला तर दोन वेळच्या जेवणाखेरीज काय वाढते? सीमांत खर्च सरासरी खर्चापेक्षा कमी असतो, हे अर्थशास्त्रातील तत्त्व खरेच आहे. परंतु तो खर्च कमी दिसतो, कारण उरलेला खर्च सरकारऐवजी कैदी सोसतो. पन्नास माणसांच्या बराकीत दीडशे झोपतात, तेव्हा बराक बांधण्याचा खर्च वाचतो. तो खर्च प्रत्येकाची हातभर जागा, संडासापुढील रांग, खरूज आणि क्षय यांच्या रूपाने वसूल होतो. २०२२ मध्ये तुरुंग खात्यातील मंजूर पदांपैकी जवळजवळ तीस टक्के पदे रिक्त होती. वैद्याची जागा भरली नाही म्हणून वाचलेला पगार हा अंदाजपत्रकात बचत म्हणून दिसतो. कैद्याच्या घरी तो आजार म्हणून, प्रसंगी प्रेत म्हणून पोचतो.

घरच्या हिशेबाला तर खातेवहीच नाही. मिळवता माणूस आत गेला की मजुरी बुडते, वकिलासाठी शेत किंवा मंगळसूत्र गहाण पडते, तारखेसाठी आणि मुलाखतीसाठी एसटीचे भाडे भरावे लागते, मुलाची शाळा सुटते. स्त्री आत गेली तर लहान मूलही आत जाते. २०२२ च्या अखेरीस १,५३७ स्त्री कैद्यांसोबत त्यांची १,७६४ मुले तुरुंगात होती. त्या मुलांनी कोणाला आसरा दिला होता?

कायदा एकाचा, खर्च दुसऱ्याचा

या बेहिशेबीपणाला घटनात्मक रचनेचेही एक कारण आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. तुरुंग मात्र राज्यसूचीत चौथ्या क्रमांकावर आहेत. दिल्लीने शिक्षा वाढवावी, टाळ्या घ्याव्यात, आणि बिल मुंबई, पाटणा, लखनौ यांनी चुकते करावे, अशी ही व्यवस्था आहे. संसदेपुढील विधेयकासोबत वित्तीय ज्ञापन जोडावे लागते, परंतु ते भारताच्या संचित निधीतून होणाऱ्या खर्चाबद्दल बोलते. राज्यांच्या तुरुंगांवर पडणारा बोजा त्या ज्ञापनाच्या चौकटीतच बसत नाही. राज्याच्या अंदाजपत्रकात मग तुरुंगाचा वाढीव खर्च शाळा, दवाखाना आणि पाटबंधारे यांच्याशी मुकाट्याने स्पर्धा करतो. किंवा खर्च होतच नाही आणि गर्दी वाढते.

हे अपरिहार्य नाही. अमेरिका ही तुरुंगांच्या बाबतीत अनुकरणीय मुळीच नाही. जगातील सर्वाधिक कैदी बाळगणाऱ्या देशांत तिची गणना होते. परंतु त्या अनुभवातूनच तेथील काही राज्यांना हिशेबाची गरज पटली. व्हर्जिनिया राज्यात तुरुंगवास वाढवू शकणाऱ्या विधेयकासोबत त्याच्या खर्चाचा अंदाज जोडावा लागतो. अंदाज बांधण्याजोगी माहिती उपलब्ध नसेल तरी किमान ५० हजार डॉलरचा बोजा गृहीत धरला जातो. रक्कम क्षुल्लक आहे, पण तत्त्व मोठे आहे. माहिती नाही याचा अर्थ खर्च नाही, असा तेथे केला जात नाही. भारतातही न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २००८ मध्ये, नव्या कायद्यामुळे न्यायालयांवर पडणाऱ्या भाराचे आगाऊ मूल्यमापन व्हावे, अशी शिफारस केली होती. न्यायालयांबाबत जी गोष्ट मान्य व्हावी, ती तुरुंगांबाबत का होऊ नये?

आसरा कोण देतो?

कठोर शिक्षेचे समर्थक म्हणतील की, आसरा तोडल्याखेरीज टोळ्या मोडत नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. ती स्फोटके रायगडच्या किनाऱ्यावर उतरू शकली, याचे एक कारण सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील विकली गेलेली माणसे हे होते, आणि त्यांना शिक्षाही झाल्या. पैसा घेऊन, पदाचा दुरुपयोग करून गुन्हेगाराला वाट करून देणाऱ्यावर कठोर शिक्षेचा आसूड पडला तर त्याबद्दल समाजवाद्याने अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

परंतु कायदा ‘आसरा’ हा एकच शब्द वापरतो आणि त्या शब्दाखाली फार भिन्न माणसे एकत्र बांधतो. लाच घेणारा अधिकारी, टोळीला घर भाड्याने देणारा दलाल, रात्री दार ठोठावणाऱ्या मुलाला भाकरी वाढणारी आई, आणि बंदुकीच्या धाकाने भात शिजवून देणारा गडचिरोलीच्या जंगलातील आदिवासी, हे सर्व त्याच कलमाच्या जाळ्यात सापडू शकतात. पहिल्या दोघांजवळ वकील असतो. उरलेल्या दोघांजवळ जामिनाची रक्कमही नसते. किमान शिक्षेची अट घातली की न्यायाधीशाला हा भेद करण्याची मोकळीक राहत नाही. आणि पाच लाखांचा किमान दंड शेतमजुराला ठोठावला, तर तो न भरल्याबद्दलची आणखी कैद त्याने भोगायची. दलालाने मात्र धनादेश द्यायचा.

‘यूएपीए’ आणि नवी संहिता यांनी पती-पत्नीला सूट दिली आहे. आईला नाही, बापाला नाही, बहिणीला नाही. जर्मनीच्या दंडसंहितेत नातलगासाठी असे साहाय्य करणाऱ्यास शिक्षा नाही. फ्रान्समध्ये आईवडील, मुले, भावंडे यांना या गुन्ह्यातून वगळलेले आहे. तेथील राज्यसंस्था त्यामुळे कोसळलेल्या नाहीत. आईने मुलाला पोलिसांच्या हवाली करावे, ही अपेक्षा नीतिदृष्ट्या उदात्त असेल. पण ती न पाळणाऱ्या आईला जन्मठेपेची भीती घालण्याने एकही आई बदलत नाही, फक्त तुरुंगात आणखी एक आई वाढते. शिक्षेची तीव्रता नव्हे तर तिची निश्चिती गुन्ह्याला आळा घालते, हे बेकारियाने १७६४ मध्ये सांगितले. येथे तर आसरा देणाऱ्याला त्या घटकेला कलमाचा क्रमांकही ठाऊक नसतो.

इतिहासाची साक्ष

समाजवादी चळवळीला या विषयात आणखी एक कारणाने तटस्थ राहता येणार नाही. १९४२ मध्ये अच्युतराव पटवर्धन आणि अरुणा असफअली अखेरपर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. साताऱ्यात नाना पाटील १९४६ पर्यंत भूमिगत राहिले. हे शक्य झाले ते ज्यांची नावे इतिहासात आली नाहीत, अशा शेकडो घरांमुळे. त्या घरांतील प्रत्येक भाकरी कायद्याने गुन्हा होती.

स्वराज्यातही तो प्रसंग आला. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस भूमिगत असताना, मे १९७६ मध्ये त्यांचे बंधू लॉरेन्स यांना पकडून, भावाचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांचा अनन्वित छळ करण्यात आला. त्याच महिन्यात अभिनेत्री व समाजवादी कार्यकर्त्या स्नेहलता रेड्डी यांना अटक झाली. दम्याने जर्जर झालेल्या स्नेहलताबाईंना बंगलोरच्या तुरुंगात सुमारे आठ महिने ठेवले गेले. जानेवारी १९७७ मध्ये सुटका होताच थोड्याच दिवसांत, २० जानेवारीला, त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर दोष कधीच सिद्ध झाला नाही. ‘साहाय्य करणारा’ हा शब्द शासनाच्या हातात सैल दिला, तर त्याचा फास कोणाच्या गळ्यात पडेल हे सत्तेवर कोण आहे यावर ठरते.

यास्तव कार्यकर्त्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी चार मागण्या सातत्याने मांडल्या पाहिजेत. शिक्षा वाढवणाऱ्या प्रत्येक विधेयकासोबत, ते केंद्राचे असो वा राज्याचे, तुरुंगांवरील बोज्याचा पाच वर्षांचा अंदाज सभागृहापुढे यावा, आणि केंद्राने कायदा केला तर त्या बोज्याचा वाटा केंद्राने उचलावा. आसरा देण्याच्या गुन्ह्यातील किमान शिक्षा आणि किमान दंड रद्द करून न्यायाधीशाचा विवेक परत द्यावा. लाभासाठी किंवा पदाचा दुरुपयोग करून दिलेला आसरा वेगळा काढून इतर सर्व प्रकरणे जामीनपात्र करावीत. आणि पती-पत्नीची सूट आईवडील, मुले व भावंडे यांनाही लागू करावी.

या मागण्यांवर निवडणूक जिंकता येत नाही, हे खरे. पण तुरुंगातील गर्दी ही निसर्गाची आपत्ती नव्हे. ती विधिमंडळात हात वर करून केलेली असते. पुढच्या वेळी असे विधेयक आले, तर निदान एका आमदाराने उभे राहून ‘याला किती माणसे लागतील आणि किती पैसे?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये. तो प्रश्न त्याच्याकडून विचारवून घेण्याचे काम त्याच्या मतदारसंघातील कार्यकर्त्यांचे आहे.